पानाच्या छेदाची आकृती : एक परीक्षण

नव्या पुस्तकाचे परीक्षण छापण्याची आपल्याकडे पद्धत आहे. नाटक-चित्रपटांची परीक्षणे तर वर्तमानपत्रांत नेहमीच येतात. पण ज्या आकृत्या आपण शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो, विद्यार्थ्यांकडून वहीत उतरवून घेत आलो, त्यांचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. त्या बरोबरच असणार असे आपण धरून चालतो. या लेखात आम्ही अशाच एका आकृतीचे परीक्षण करणार आहोत. ती आकृती म्हणजे पानाचा उभा छेद.

ही आकृती सर्वांच्या परिचयाची आहे. सर्वांत वर एक जाड रेघ, म्हणजे मेणचट थर. त्याखाली विटांसारख्या पेशींची एक ओळ, ती वरची अपित्वचा. तिच्याखाली उभ्या, लांबट पेशींची घट्ट रांग, ती स्तंभ ऊती. त्याखाली वेड्यावाकड्या गोल पेशी, ती स्पंजी ऊती. मध्ये एखादी शीर. सर्वांत खाली खालची अपित्वचा आणि तिच्यात दोन रक्षक पेशींमध्ये उघडे असलेले एक पर्णरंध्र. उजव्या बाजूला पट्टीने आखलेल्या रेषा आणि नावे. नीटनेटकी काढली की पूर्ण गुण.

आधी या आकृतीचे श्रेय मान्य करू. थरांचा क्रम ती अचूक सांगते. प्रकाश वरून येतो आणि हरितलवके वरच्या बाजूला अधिक असतात, हे ती एका नजरेत दाखवते. शीर पानाच्या आत कुठे असते तेही कळते. साठ मुलांच्या वर्गात, सूक्ष्मदर्शक नसताना, खडूच्या एका तुकड्याने इतके सांगता येणे ही लहान गोष्ट नाही. आंबा, वड, पेरू यांसारख्या पुष्कळ पानांना ती ढोबळमानाने लागूही पडते.

मग आमची तक्रार काय? पान ज्या कामासाठी असे घडले आहे, ते कामच या आकृतीत दिसत नाही, ही आमची तक्रार आहे. ती पेशी दाखवते. पेशींमधली हवा दाखवत नाही. आणि वायूंच्या देवाणघेवाणीच्या दृष्टीने पानातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच, म्हणजे रिकामी जागा आहे.

पानापुढचा प्रश्न

रचना समजून घ्यायची तर आधी प्रश्न समजला पाहिजे. पानाला कार्बन डायऑक्साइड हवा असतो आणि हवेत तो अगदी थोडा असतो. आज हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४२० हून थोडे अधिक आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते. म्हणजे इतक्या विरळ वायूतून पानाला आपला कच्चा माल वेचून घ्यायचा असतो.

हा वायू हरितलवकापर्यंत पोहोचायचा तर आधी पेशीच्या ओल्या भिंतीत विरघळला पाहिजे आणि पुढचा रस्ता पाण्यातून कापला पाहिजे. इथे खरी अडचण येते. कार्बन डायऑक्साइडचे विसरण हवेत जितक्या वेगाने होते, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश ते पाण्यात होते. त्यामुळे पान भरीव असते, पेशींना पेशी चिकटून असत्या, तर वरच्या एक-दोन थरांपलीकडे पुरेसा वायू पोहोचलाच नसता.

यावर उपाय काय? हवेचा रस्ता होईल तेवढा आतपर्यंत न्यावा आणि पाण्याचा रस्ता होईल तेवढा तोकडा ठेवावा. पानाची सारी रचना हे एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले की उलगडत जाते. पान पातळ का? सामान्य पान पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या तीन-चार कागदांएवढे जाड असते. आत पोकळ्या का? कारण त्या हवेच्या वाटा आहेत. कित्येक पानांत आकारमानाचा पाचवा ते तिसरा हिस्सा नुसत्या हवेचा असतो. आणि आतल्या ज्या पेशीभिंती या हवेला भिडलेल्या असतात, त्यांचे क्षेत्रफळ पानाच्या एका बाजूच्या क्षेत्रफळाच्या साधारण १० ते ४० पट भरते. सावलीतल्या पानांत ते कमी असते, उन्हातल्या पानांत जास्त.

हिशोब करून पाहू. ५० चौरस सेंटिमीटरचे एक पान घ्या, म्हणजे तळहाताहून लहानच. पट २० धरली तर आतली ओली भिंत १,००० चौरस सेंटिमीटर झाली. वहीची जवळजवळ तीन पाने शेजारी शेजारी पसरावीत एवढी. तेवढी भिंत या कागदासारख्या पातळ वस्तूच्या आत घडी घालून बसवलेली आहे. आता आपली आकृती पुन्हा पाहा. हे तिच्यात कुठे दिसते?

पहिला आक्षेप : पोकळ्या सुट्या सुट्या दिसतात

छेद म्हणजे एक पातळ काप. त्यात स्पंजी ऊतीतल्या पोकळ्या वेगवेगळ्या, चारी बाजूंनी बंद डबक्यांसारख्या दिसतात. विद्यार्थी त्या तशाच समजतो. प्रत्यक्षात त्या सर्व एकमेकींना जोडलेल्या असतात.

मुरमुऱ्यांचा लाडू आठवा. त्यात प्रत्येक मुरमुरा शेजारच्या मुरमुऱ्याला चिकटलेला असतो, तरी त्यांच्यामधल्या फटी एकमेकींत उघडतात. लाडू सुरीने कापला तर कापावर सुटी सुटी भोके दिसतील. पण तोच लाडू दुधात धरा, दूध फटीफटीतून आतपर्यंत जाईल. पानाच्या पेशी अशाच एकमेकींना धरून असतात आणि त्यांच्यामधून हवेचे अखंड जाळे पसरलेले असते. पर्णरंध्र हे त्या जाळ्याचे दार. छेदात रंध्राच्या लगेच मागे जी मोठी पोकळी दिसते, ती त्या दारामागची पडवी.

आकृतीत या पोकळ्या कोऱ्या सोडलेल्या असतात. कोरे म्हणजे काही नाही, असे मूल समजते. पुष्कळ पुस्तकांत नावांच्या रेषा सगळ्या पेशींकडे जातात. हवेकडे एकही जात नाही.

दुसरा आक्षेप : स्तंभ ऊती घट्ट, स्पंजी ऊती सैल

‘स्तंभ ऊतीत पेशी दाटीवाटीने, मोकळी जागा न सोडता रचलेल्या असतात, तिचे काम प्रकाशसंश्लेषण. स्पंजी ऊतीत मोकळी जागा असते. तिचे काम वायूंची देवाणघेवाण.’ अशी वाटणी आपण सर्रास शिकवतो. ती पाठ करायला सोपी आहे, पण विचार केला तर टिकत नाही. प्रकाशसंश्लेषण मुख्यतः जिथे होते, तिथेच कार्बन डायऑक्साइडची सर्वाधिक गरज असते. मग नेमक्या त्याच पेशींना हवा मिळू नये, हे कसे?

याचे उत्तर खडूच्या खोक्यात आहे. नवे खोके उघडून खडू उभे राहतील असे धरा. बाजूने पाहिले तर खडूला खडू भिडलेला दिसतो, फट दिसत नाही. आता वरून पाहा. खडू गोल असल्यामुळे प्रत्येक तीन-चार खडूंच्या मध्ये एक तिकोनी-चौकोनी बोगदा वरपासून खालपर्यंत गेलेला दिसेल. स्तंभपेशी अशाच नळकांड्यासारख्या असतात. पानाचा उभा छेद घेतला की त्या चिकटलेल्या दिसतात. पृष्ठभागाला समांतर असा आडवा छेद घेतला की प्रत्येक पेशीभोवतीची हवा दिसू लागते. पेशी बारीक आणि पुष्कळ असल्यामुळे कित्येक पानांत हवेला भिडलेली भिंत स्पंजी ऊतीपेक्षा स्तंभ ऊतीतच अधिक भरते! आपली आकृती आणि आपले वाक्य नेमके उलटे सांगतात. एकाच दिशेने कापलेल्या छेदावर विसंबल्याचा हा दोष आहे.

याच ओघात आणखी एक गोष्ट. हरितलवके दाखवताना आपण पेशीभर ठिपके देतो. खऱ्या पेशीत मध्यभाग रसाच्या मोठ्या पोकळीने व्यापलेला असतो आणि हरितलवके कडेला, भिंतीला चिकटून असतात. त्यातही हवेला भिडलेल्या भिंतीपाशी त्यांची गर्दी असते. कारण तेच : पाण्यातला रस्ता तोकडा राहावा. ठिपके कुठे द्यायचे हा सजावटीचा प्रश्न नाही. त्यात पानाचे सगळे तर्कशास्त्र आहे.

तिसरा आक्षेप : एकच पान सर्व पानांचे प्रतिनिधी

इथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासताना एका मुलीने दोन्ही अपित्वचांमध्ये पर्णरंध्रे काढलेली आम्हांला आढळली. खाली तिने ‘ज्वारीचे पान’ असे लिहिले होते. नमुना उत्तरात रंध्रे फक्त खालच्या बाजूला होती. आम्ही तिचा एक गुण कापला. पुढे केव्हातरी ज्वारीच्या पानाचा ठसा स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा दोन्ही बाजूंना रंध्रांच्या ओळी दिसल्या. मुलगी बरोबर होती. तो गुण परत देण्याची सोय तोवर उरली नव्हती. गुणापेक्षाही मनाला लागले ते हे, की शेतातले पान पाहून काढलेली आकृती चूक आणि पुस्तकातून उतरवलेली बरोबर, हा धडा आम्ही तिला दिला होता.

ज्वारीच कशाला? मका, बाजरी, गहू, भात यांच्या पानांत दोन्ही बाजूंना रंध्रे असतात आणि स्तंभ ऊती व स्पंजी ऊती असे वेगळे थर नसतात. म्हणजे आपल्या ताटातली भाकरी, पोळी आणि भात ज्या पानांच्या जिवावर येतात, त्यांपैकी एकाही पानाला ही आकृती लागू पडत नाही. वरच्या वर्गात एकदलिकित पानाची वेगळी आकृती येते हे खरे. पण तोपर्यंत पुष्कळ मुलांची शाळा संपलेली असते.

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांत तर आणखी एक विशेष आहे. शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचे कडे असते. गॉटलीब हॅबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कड्याकडे लक्ष वेधले. त्याचे काम काय, हे मात्र फार उशिरा उलगडले. मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ साली उसाच्या पानांवरील प्रयोगांतून दाखवले, की या वनस्पती कार्बन डायऑक्साइड आधी एका चार कार्बनच्या संयुगात पकडतात. मग तो त्या कड्यातल्या पेशींत नेऊन तिथे साठा वाढवतात. त्यामुळे रंध्रे थोडीच उघडी असली तरी त्यांचे भागते. ज्वारी कमी पाण्यात तग धरते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता इतर पानांकडे पाहा. कमळाचे पान पाण्यावर तरंगते किंवा पाण्याबाहेर उचललेले असते. त्याची रंध्रे वरच्या बाजूला असतात. पाण्यात बुडालेल्या हायड्रिलाच्या पानाला रंध्रेच नसतात. ते जेमतेम दोन पेशी जाड असते आणि विरघळलेले वायू थेट पेशीभिंतीतून घेते. कण्हेरीच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूला खोलगट खड्ड्यांत असून त्या खड्ड्यांत केसांची दाटी असते; त्यामुळे रंध्राजवळची दमट हवा वाऱ्याने उडून जात नाही.

पानफुटी तर ‘रंध्रे दिवसा उघडी, रात्री बंद’ हा नियमच मोडते. ती मुख्यतः रात्री रंध्रे उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून तो वापरते. तिची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो, हे बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असतानाच टिपले होते. त्याचे टिपण १८१५ साली प्रसिद्ध झाले. (विद्यार्थ्यांना मात्र ही पाने चाखू देऊ नयेत, त्यांत विषारी द्रव्ये असतात. पहाटे आणि संध्याकाळी खुडलेल्या पानांच्या रसात आम्लता दाखवणारा कागद बुडवला तरी फरक दिसतो.)

शिवाय एकाच जातीचे पानही कायम तसेच राहत नाही. वुडवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वनस्पतिसंग्रहात जपून ठेवलेली समशीतोष्ण प्रदेशातल्या आठ वृक्षजातींची पाने तपासली. त्यांत सुमारे दोनशे वर्षांच्या काळात रंध्रांची दाटी ४० टक्क्यांनी घटलेली त्याला आढळली. हे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तशी पानांनी दारे कमी केली.

चौथा आक्षेप : दाराचे भाडे सांगितले जात नाही

आकृतीतले पर्णरंध्र नेहमी उघडे असते. कधी शेजारी दोन बाण असतात : कार्बन डायऑक्साइड आत, ऑक्सिजन बाहेर. तिसरा बाण नसतो. तो पाण्याच्या वाफेचा असायला हवा. बाष्पोत्सर्जन हा वेगळ्या पाठातला विषय आहे ना! पानाला मात्र असे दोन पाठ नाहीत. दार एकच आहे.

आतली हवा ओल्या भिंतींमुळे वाफेने भरलेली असते. दार उघडले की कार्बन डायऑक्साइड आत येणार आणि वाफ बाहेर जाणार. सामान्य वनस्पतींत कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू गमवावे लागतात. हे त्या दाराचे भाडे. मेणचट थर का, रक्षक पेशी का, ऐन दुपारी कित्येक झाडांची रंध्रे आवळून का घेतात, या सर्वांचे उत्तर या भाड्यात आहे. दार बंद ठेवले तर उपासमार, उघडे ठेवले तर तहान. रक्षक पेशी दिवसभर याच हिशोबात असतात : पोटॅशियमचे आयन आत घेतले की पाठोपाठ पाणी येते, पेशी फुगतात आणि रंध्र उघडते, ते बाहेर गेले की पेशी सैल पडून रंध्र मिटते. हा ताण आकृतीत नाही, म्हणून पाठातही येत नाही. दुष्काळात पीक वाळण्याआधीच त्याची वाढ का खुंटते, हे मग मुलाला कसे सुचावे?

रंध्रांच्या आकाराबद्दलही एक गंमत सांगण्याजोगी आहे. सर्व रंध्रे पूर्ण उघडली तरी त्यांच्या तोंडांचे एकूण क्षेत्रफळ पानाच्या एक-दोन टक्केच भरते. एवढ्याशा जागेतून सारा व्यवहार कसा होतो? ब्लॅकमन या शास्त्रज्ञाने १८९५ साली पानाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासून दाखवले होते, की कार्बन डायऑक्साइडची ये-जा रंध्रे असलेल्या बाजूनेच होते. पुढे १९०० साली होरेस ब्राऊन आणि फर्गसन एस्कोम्ब यांनी दाखवले, की बारीक छिद्रातून होणारे विसरण छिद्राच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, तर व्यासाच्या प्रमाणात असते. वायूचे रेणू छिद्राच्या कडेने चहूबाजूंनी पसरतात म्हणून असे होते. आता १० मिलिमीटर व्यासाचे एक भोक आणि १ मिलिमीटर व्यासाची १०० भोके घ्या. दोन्हींचे क्षेत्रफळ सारखेच. पण शंभर भोके एकमेकांपासून पुरेशी दूर असतील तर त्यांतून दसपट वायू जाईल. थोडीशी जागा पुष्कळ बारीक छिद्रांत वाटून देण्यात पानाचा हा फायदा आहे. नववी-दहावीच्या मुलाला हे गणित सहज करता येते आणि करताना मजाही येते.

दिवस आणि रात्र

आकृतीखाली पुष्कळदा एक वाक्य असते : ‘वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात व ऑक्सिजन सोडतात, रात्री याउलट करतात.’ हे वाक्य खोटे नाही, पण दिशाभूल करणारे आहे. श्वसन अहोरात्र चालू असते. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याच्यावर मात करते, म्हणून बाहेरून पाहता फक्त ऑक्सिजन सुटताना दिसतो. ‘वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात’ ही समजूत मोठ्या माणसांतही किती घट्ट आहे, हे आपण जाणतोच. ती बहुधा अशाच वाक्यांतून रुजते.

मग आकृती काढायचीच नाही का?

तसे आमचे म्हणणे नाही. आमचे काही शिक्षक मित्र म्हणतात, ‘परीक्षेसाठी एक ठरलेली आकृती लागते. प्रत्येकाने वेगळे पान काढले तर तपासायचे कसे?’ ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय फार अवघड नाही. आकृतीखाली पानाचे नाव लिहिणे सक्तीचे करावे. ‘आंब्याच्या पानाचा उभा छेद’ असे म्हटले की ती आकृती एका पानाची होते, सर्व पानांची राहत नाही. नावांबरोबर एखादा प्रश्न विचारावा : ‘कार्बन डायऑक्साइडचा रेणू रंध्रापासून स्तंभपेशीतल्या हरितलवकापर्यंत कोणत्या वाटेने जाईल ते बाणांनी दाखवा.’ ज्याला रचना समजली आहे, त्यालाच हे जमेल.

आणि फळ्यावर काढताना क्रम उलटा करून पाहावा. आधी निळ्या खडूने सगळी जागा हवेची म्हणून रंगवावी आणि मग त्या निळ्यात पेशी बसवाव्यात. निळा रंग रंध्रापासून वरच्या अपित्वचेपर्यंत तुटता कामा नये, एवढा एकच नियम पाळावा.

शेवटी एक प्रयोग सुचवतो. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पालकाचे ताजे पान घेऊन, कागदाला भोके पाडायच्या पंचने शिरा टाळून दहा चकत्या पाडा. पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा आणि साबणाच्या पाण्याचा एक थेंब मिसळा. चकत्या या पाण्यावर तरंगतात. आता सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये चकत्या घालून तिच्यात हेच पाणी ओढा. वरची हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे खेचून दहा सेकंद धरा. चकत्यांतून बारीक बुडबुडे बाहेर येतील. ही पानाच्या आतली हवा. दट्ट्या सोडा, रिकाम्या झालेल्या वाटांत पाणी शिरेल. असे दोन-तीनदा केले की चकत्या गडद हिरव्या होतात आणि तळाशी जातात.

इथे थांबून मुलांना विचारा : पानातून आपण काय काढले? एकही पेशी काढली नाही. काढली ती फक्त हवा, आणि पान बुडाले.

मग त्या चकत्या सोड्याच्या पाण्यासह पेल्यात ओतून उन्हात ठेवा. सोड्यातून त्यांना कार्बन डायऑक्साइड मिळतो. प्रकाशसंश्लेषणाने तयार होणारा ऑक्सिजन त्याच वाटांत साचतो आणि थोड्या वेळात एकेक चकती वर येऊ लागते. वर आलेल्या चकत्यांचा पेला काळ्या कापडाने झाकून ठेवा. श्वसनाने ऑक्सिजन संपत जातो आणि त्या पुन्हा हळूहळू खाली जाऊ लागतात. पोकळी, प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन हे तिन्ही एकाच पेल्यात दिसतात.

हा प्रयोग डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाने छेदाची आकृती काढली, तर ती आपल्या आकृतीइतकी रेखीव नसेलही. पण कोरी जागा तो कोरी सोडणार नाही. आणि एखाद्या मुलीने ज्वारीच्या पानाला दोन्हीकडे रंध्रे काढली, तर तांबडी शाई उचलण्यापूर्वी आपण शेतातून एक पान आणवून, त्यावर नेलपॉलिशचा थर देऊन, वाळल्यावर सोलून, तो ठसा जवळच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. एवढे कष्ट आम्ही वेळेवर घेतले नव्हते. वाचक शिक्षकांनी आपापल्या गावातली पाने अशी तपासून पाहावीत आणि आपले अनुभव, विशेषतः पुस्तकाशी न जुळणारे, आम्हांला अवश्य कळवावेत.